अठराव्या मजल्यावरचं मोहोळ

अंकुशला मोहोळ काढता येत नव्हतं. ही गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक होती, एक तो स्वतः आणि दुसरी त्याची बायको सोमी. तो मेला तरी कबूल करणार नव्हता, आणि सोमीने तोंड उघडलं असतं तर चारचौघांत नवऱ्याचं नाक कापलं गेलं असतं. म्हणून ती गप्प बसली, आणि गप्प बसली त्या घटकेपासून तिच्या जिवाला घोर लागला.

पनवेलात गाढी नदीच्या काठावर रिव्हरा पॅलेडियो नावाचे चार टॉवर उभे आहेत. नाव घेताना जीभ अडखळते, पण आत गेलं की डोळे फिरतात. नदीच्या अंगाला लाकडी फळ्यांचा लांबलचक डेक, पोहायचा तलाव, कुत्र्यांना फिरवायला वेगळी बाग. माणसांच्या बागेपेक्षा तीच जास्त हिरवी. त्यातल्या बी टॉवरमध्ये अठराव्या मजल्यावर प्रांजल मॅडम राहायच्या. त्यांचा राजस, चांगला दुडदुडता झालेला मुलगा, दिवसभर सोमीकडे सांभाळायला असायचा. अंकुश त्याच टॉवरमध्ये हाउसकीपिंगला होता. जिने पुसायचा, कचरा उतरवायचा. नवराबायको जुन्या कामोठे गावात एका खोलीत राहायची आणि सकाळी एकाच रिक्षाने कामावर यायची.

थंडी पडायला लागली आणि प्रांजल मॅडमच्या बाल्कनीच्या छताला आग्या माशांनी मोहोळ लावलं. बघता बघता ते सुपाएवढं झालं. काळं, जाडजूड, जवळ गेलं की सगळ्या अंगावरून एक लाट सरकायची. बाल्कनीचं काचेचं दार बंद झालं ते झालंच. राजस काचेला नाक लावून ‘भुंऽऽ’ करायचा आणि सोमी त्याला मागे ओढायची.

सोसायटीच्या ग्रुपवर तर रणधुमाळी माजली. निम्मे म्हणाले औषध मारा, निम्मे म्हणाले मधमाश्या मारायच्या म्हणजे काय, पर्यावरणाचं काही आहे की नाही? त्यात संक्रांतीचं हळदीकुंकू नेमकं खालच्या डेकवर ठरलेलं. बायका नटूनथटून तिळगूळ घेऊन बसणार आणि डोक्यावर आग्या मोहोळ! शेवटी इस्टेट मॅनेजर दीपेशने डोकं लढवलं.

“अहो, आपला अंकुश आहे की! कातकरी आहे तो. न मारता काढेल. रक्तातच असतं ते त्यांच्या.”

रक्तात! कसलं डोंबलाचं रक्तात? अंकुशचं बालपण सगळं वीटभट्टीवर गेलेलं. दिवाळी झाली की आईबाप त्याला घेऊन भट्टीवर जायचे ते पाऊस तोंडावर आला की परतायचे. चिखल तुडवण्यात तो पटाईत होता, पण शेवग्याच्या झाडावर चढवला तरी पाय लटपटायचे. मोहोळ काढायचा तो सोमीचा बाप, शुक्रा. चिरनेरच्या वर डोंगरात त्यांची वाडी. शुक्रा कड्यावरून दोर सोडून उतरायचा आणि लहानगी सोमी खाली डबा धरून उभी असायची. शुक्रा गेला, त्याच्या गोष्टी राहिल्या, आणि जावयाने त्या स्वतःच्या नावावर खपवायला घेतल्या. दुपारी डबा खाताना वॉचमनच्या केबिनमध्ये बसून, मी असा कड्यावरनं लोंबकळलो, मी अशी धुरी दिली, अशा थापा ठोकायचा. सोमीच्या कानावर यायचं. ती हसायची. मारू दे बिचाऱ्याला थापा, म्हणायची, दिवसभर जिने पुसून माणसाला दुसरं मिळतं काय?

त्या थापा आता अंगाशी आल्या. दीपेशने लॉबीत, कमिटीची माणसं, वॉचमन, सगळ्यांसमोर त्याला विचारलं, “अंकुश, जमेल ना रे?” सोमी राजसची बाबागाडी घेऊन तिथेच उभी होती. अंकुशने एकदा तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली, नाही म्हण, नाही म्हण.

“त्यात काय, साहेब,” अंकुश म्हणाला. “असली छप्पन काढलीत.”

घरी आल्यावर सोमीने त्याला जेवूही दिलं नाही आधी.

“तुला याड लागलाय का रे? भर दुपारी जानार? बाबा कदी दिवसाचा गेला नाय. आवसेच्या काळोखात जायचा. उजेडात माशीला दिसतंय, ती पाठ सोडत नाय.”

“सायबाला इचारला मी. सहाच्या नंतर सोसायटीत काम बंद. काळोखात झुला चालवत नाय ते.”

“मंग नाय म्हन. आनि दोर कोन धरनार? बाबा माझ्या मामाबिगर कुनाच्या हातात दोर देत नवता.”

शुक्राचा तो नेमच होता. वरून दोर धरायला बायकोचा भाऊ पाहिजे, दुसरा कोणी नाही. आपल्या बहिणीचं कपाळ उघडं पडू नये याची काळजी त्याच्याइतकी कोणाला असणार? मामाला ताप आला तर शुक्रा मोहोळ तसंच सोडून द्यायचा, पण परक्याच्या हाती दोर नाही.

“इथं दोर नाय, मशीन हाय,” अंकुश म्हणाला. “काच पुसायचा झुला. वर गच्चीत कंत्राटदाराचा मानूस बटन दाबतो, तसा खाली येतो.”

“तो तुझा कोन लागतो?”

अंकुश चिडला. ताट पुढे ओढून म्हणाला, “आता मागं फिरलो तर काय तोंड दाखवू? कातकऱ्याला मोहोळ काढता येत नाय म्हनून सगळी दात काढतील. आनि तू जर कुनाला बोललीस ना सोमी, तर या घरात मी परत पाय नाय टाकनार. सांगून ठेवतो.”

बोलल्याप्रमाणे तो खरंच निघून जाईल, हे सोमीला माहीत होतं. असल्या बाबतीत तो भलताच हट्टी. तिने त्याला भात वाढला. बापाचं जेवढं आठवत होतं तेवढं सांगितलं. काळे कपडे नको, अंगाला वास नको, एक माशी चिरडली तर बाकीच्या सगळ्या त्या वासावर येतात. तो ‘हां, हां’ करत जेवला. ऐकत किती होता देव जाणे.

हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी झुला लागला. दीपेशने बी टॉवरच्या वरच्या मजल्यांवर दारं-खिडक्या बंद ठेवायला सांगितलं. प्रांजल मॅडम ऑफिसला जाताना सोमीला बजावून गेल्या, “राजसला घेऊन खाली क्लबहाउसमध्ये बस. काम झालं की वर ये.” सोमी हो म्हणाली. आणि गेली नाही. नवरा अठराव्या मजल्यावर हवेत लोंबकळणार आणि आपण खाली थंडगार हवेत सोफ्यावर बसणार? तिचा पायच निघेना. काचेतून दिसेल तरी, एवढंच तिच्या मनात. पोराला काही होईल हे डोक्यातच आलं नाही.

तिने राजसला सतरंजीवर ठोकळे मांडून दिले आणि काचेपाशी जाऊन उभी राहिली. नदीवरून वारा सुटला होता. खाली डेकवर माणसं मंडपाचे बांबू बांधत होती. तेवढ्यात वरून करकर आवाज आला आणि झुला खाली येऊ लागला. आधी झुल्याचा तळ दिसला, मग अंकुशचे पाय, मग अंकुश.

गड्याने काळा रेनकोट चढवला होता. वर हेल्मेट, त्यावर मच्छरदाणीचा तुकडा बांधलेला. हातात विळा बांधलेला बांबू, पायाशी डब्यात नारळाचा धुमसता काथ्या. काचेआड तिला पाहिलं तसा त्याने हात केला. हसलाही असेल, जाळीतून दिसलं नाही. राजसने टाळ्या वाजवल्या.

झुला बाल्कनीच्या कठड्याच्या बाहेर थांबला. अंकुशने डबा बांबूला अडकवून मोहोळाखाली धरला. वारा असा उलटा, की धूर मोहोळाला शिवेचना. तो सगळा अंकुशच्याच तोंडावर यायला लागला. तो खोकला, डोळे चोळायला गेला, जाळी वर सरकली. मोहोळावरून एक लाट गेली, मग दुसरी. सोमी काचेवर चापट्या मारायला लागली. “फिर! मागं फिर रे!” जाड काच ती, बाहेर काय ऐकू जाणार? त्याने डबा झुल्यात टाकला, बांबू उचलला आणि विळा घातला.

मोहोळाचा निम्मा तुकडा खालच्या फरशीवर पडला आणि आभाळ काळं झालं.

सोमीने असं कधी पाहिलं नव्हतं. बापाच्या वेळी काळोख असायचा, नुसता आवाज यायचा. इथे लख्ख उजेडात सगळं दिसत होतं. माशा काचेवर गारांसारख्या आपटत होत्या. अंकुशचा रेनकोट काळाच होता, तो आता हलायला लागला. तो दोन्ही हातांनी तोंड झोडत होता, म्हणजे माशा चिरडत होता, म्हणजे अजून माशा बोलावत होता. वर तोंड करून ओरडत होता, ‘वर घे, वर घे.’ झुला काही हलेना. गच्चीतल्या माणसाला दोन माशा चावल्या होत्या, तो बटण टाकून जिन्याने पळाला होता. त्या बिचाऱ्याचा तरी काय दोष? अंकुश त्याचा कोणी लागत नव्हता.

मग अंकुश कठड्यावर चढायला लागला. कमरेचा पट्टा झुल्याच्या कडीला अडकलेला. तो सोडवायला त्याची बोटं चालेनात. एक पाय कठड्यावर, एक पाय झुल्यात, झुला मागे सरकतोय, आणि मध्ये खाली थेट नदीकाठची जमीन. कडी सुटली. तो बाल्कनीत तोंडावर पडला, उठला आणि काचेला येऊन भिडला.

दोघांच्या मध्ये फक्त काच होती. त्याच्या तोंडावर जाळी नव्हती. डोळे अर्धे मिटलेले. तो काचेवर तळवे मारत होता, आणि सोमीचा हात दाराच्या खिटीवर गेला.

“सोमी! दार उघडू नको!”

ती दचकून मागे वळली. हॉलच्या कोपऱ्यात पोरावर लक्ष ठेवायचा कॅमेरा होता, त्यातून मॅडमचा आवाज. “तू वर काय करतेयस? राजस आहे तिथे! उघडू नको, तुला माझी शपथ आहे! आधी त्याला आत ने, सोमी, आतल्या खोलीत ने!”

राजस घाबरून रडायला लागला होता. सोमीने त्याला उचललं. तिने काचेकडे पाठ केली, बेडरूममधून बाथरूममध्ये गेली आणि दार लावून घेतलं. बादलीत पाणी होतं ते ओतून दिलं, पोर एकटं राहिलं तर बुडायला नको म्हणून. एवढं डोकं चाललं. आता पोराला खाली ठेवायचं, बाहेर जायचं, दार उघडायचं.

ती खाली बसली.

पाय उठेचनात. राजस तिच्या गळ्याला मिठी मारून हुंदके देत होता, आणि तिनेही त्याला धरून ठेवलं होतं, पण त्याच्यासाठी नव्हे. तिची बोबडी वळली होती. बाहेरून थाप ऐकू येत होती. थाप. थाप. आपण दार उघडलं की त्या आपल्या अंगावर येणार, आपल्या डोळ्यांत, आपल्या कानांत. इथे बंद आहे. इथे माशी नाही. तिला लाज वाटत होती, आणि तरी ती बसून होती. उठते, आता उठते, म्हणत होती आणि बसून होती.

मग थाप थांबली.

त्या शांततेने तिला जास्त भिववलं. कॅमेऱ्यातून मॅडमचा आवाज आला, पार चिरलेला. “सोमी, तो पडला गं! सोमी, उघड! कुणीतरी उघडा!”

तिने राजसचे हात गळ्यातून सोडवले, त्याला फरशीवर ठेवलं, बाहेरून कडी घातली आणि धावली. पलंगावरची चादर ओढून अंगावर घेतली. दार सरकवलं तसा सगळा आवाज एकदम घरात शिरला. अंकुश उंबऱ्याशी कुशीवर पडला होता. तिने त्याच्या काखेत हात घालून ओढलं. मानेवर, हातांवर, पापणीवर निखारे ठेवल्यासारखं झालं, ती ओरडत होती आणि ओढत होती. त्याचे पाय आत आले, तिने दार लोटलं, त्याच्यावर चादर टाकली आणि वर स्वतः पडली.

पुढचं तिला तुटक तुटक आठवतं. वॉचमन, लिफ्ट, दीपेशची गाडी, सरकारी दवाखाना. डॉक्टरांनी अंकुशच्या अंगातले काटे चिमट्याने काढले आणि मोजायचे सोडून दिले. रात्रभर त्याचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. सोमी खाली फरशीवर बसून तो ऐकत होती. थांबला तर? एवढी एकच गोष्ट डोक्यात. राजसला एकही माशी चावली नव्हती. मॅडम स्वतः येऊन तसं सांगून गेल्या. सोमीचा हात धरून रडल्या. “तू खाली गेली नाहीस म्हणून खूप राग आला होता गं,” म्हणाल्या, “पण तू माझ्या बाळाला आधी आत नेलंस.” सोमीने मान खाली घातली.

अंकुश वाचला. तोंड भोपळ्याएवढं सुजलेलं, डोळ्यांच्या चिरा, पण बोलायला लागला. बोलायला लागला आणि सगळा वॉर्ड गोळा झाला. दीपेश शहाळं घेऊन आला, दोन वॉचमन आले, शेजारच्या खाटेवरचा पाय मोडलेला म्हातारासुद्धा कुशीवर वळला.

“वाघ आहेस रे तू!” दीपेश म्हणाला. “अर्धं तर काढलंसच. बाकीच्या माशा उडून डी टॉवरला गेल्या, तिथे लावतायत आता. हळदीकुंकू मी पुढे ढकललंय. म्हटलं, आपला अंकुश उठू दे.”

अंकुश सुजल्या ओठांनी हसला. सोमीला ते हसू ओळखीचं होतं. केबिनमध्ये डबा खाताना असायचं तेच.

“चूक माझीच, साहेब. दिवसाचा गेलो. मोहोळ काढायचा तर आवसेच्या काळोखात. तुमी फकस्त परवानगी काढा. डी टॉवरचा मी एका फटक्यात उतरवतो. डोंगरात याच्या दुप्पट मोठी काढलीत.”

“मग ठरलं!” दीपेशने त्याच्या पायावर थाप मारली. “अमावास्येला. मी कमिटीशी बोलतो.”

सोमीच्या हातातून शहाळं निसटलं. पाणी खाटेखाली पसरलं. तिला ती काच दिसली, कठड्यावरचा एक पाय दिसला, झुल्यातला दुसरा पाय दिसला. हा परत जाणार. हसत जाणार. आणि या वेळी काचेच्या आत कोणी नसेल.

“त्याला येत नाय,” ती म्हणाली.

कोणाला कळलंच नाही आधी. दीपेश म्हणाला, “काय?”

“त्याला मोहोळ काढता येत नाय. कदीच येत नव्हता. माझा बाप काढायचा. हा वीटभट्टीवर वाढला, ह्याला झाडावर चढता येत नाय. सगळ्या थापा हायत. मला म्हाईत होता, मी बोलले नाय.” तिचा आवाज चढला. “त्याला पाठवू नका, साहेब. मरंल तो.”

एका वॉचमनने दुसऱ्याकडे पाहिलं आणि ओठ दाबून धरले. दीपेश मोबाइल काढून उगाच बघायला लागला. अंकुश भिंतीकडे बघत होता. सुजलेल्या तोंडावर राग दिसत नाही, पण मानेची शीर ताठ झाली होती.

“सगळा सांगितलास,” तो हळूच म्हणाला. “आता तुझा पन सांग. मी काच वाजवत होतो तवा तू पोराला घेऊन आत जाऊन बसलीस. पोराला ठेवायला येवढा येळ लागतो? सांग सगळ्यांना.”

म्हणजे त्याला कळलं होतं. काचेच्या पलीकडून, अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी त्याने तिची पाठ पाहिली होती आणि ती परत यायची वाट पाहिली होती. सोमीला वाटलं धरणी दुभंगावी आणि आपण आत जावं. ती जागची हलली नाही.

“बसले,” ती म्हणाली. “भ्याले म्हनून बसले. पोरासाठी नाय, माझ्या जिवासाठी. हात-पाय गळाले माझे.” तिने डोळे पुसले, सुजलेली पापणी दुखली तशी कण्हली. मग खाटेच्या कडेवर बसली आणि त्याचा हात धरला. त्याने तो सोडवून घेतला. तिने परत धरला.

“तू पन जरा भी ना रे, अंकुश. सगळ्यांदेखत भी.”